बाटलीवर तेल, आत मेण

रात्री फ्रिजमध्ये चार छोट्या वाट्या ठेवल्या. एकीत खोबरेल, दुसरीत बदामतेल, तिसरीत भाचीने ऑनलाइन मागवलेलं 'शंभर टक्के शुद्ध जोजोबा' आणि चौथीत मी साबणासाठी आणून ठेवलेलं तेच तेल, दुसऱ्या ठिकाणचं. सकाळी चहासाठी दूध काढताना पाहिलं. खोबरेल पांढरंशुभ्र, दगडासारखं. बदामतेल होतं तसंच पातळ. माझ्या वाटीतलं थिजून फिकट पिवळं झालं होतं, बोटाने दाबलं की मऊ मेणात पडावा तसा खळगा पडत होता. भाचीची वाटी तिरकी केली, तर तेल वाहत काठाशी आलं.

"मावशी, म्हणजे माझं खोटं?"

बहुतेक हो. खरं जोजोबा साधारण ७ ते १० अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं, आणि घरच्या फ्रिजमध्ये ४-५ अंश असतात. रात्रभर ठेवूनही जे पाण्यासारखं वाहतं, त्यात दुसरं काहीतरी भरपूर मिसळलेलं असणार. ही परीक्षा ढोबळ आहे हे मात्र सांगायला हवं. थिजलं म्हणजे शुद्धच असं नाही, कारण ऑलिव्हसारखी तेलंही थंडीत गोठतात. थिजलं नाही तर संशय घ्यायला पुरेशी जागा आहे, एवढंच.

पण तिचा खरा प्रश्न वेगळा होता. बाटलीवर लिहिलं होतं की हे तेल आपल्या त्वचेच्या नैसर्गिक तेलासारखंच असतं. "ते तरी खरं का गं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आधी हे नक्की आहे काय, ते समजून घ्यावं लागतं. आणि तिथे पहिलीच गोष्ट अशी कळते की ज्याला आपण तेल म्हणतोय ते तेल नाहीच. ते मेण आहे. खोलीच्या तापमानाला पातळ राहणारं मेण.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे सगळे जोजोबा म्हणतात, पण शब्द स्पॅनिश आहे आणि त्या भाषेत 'ज' चा उच्चार 'ह' होतो, म्हणून मूळ उच्चार होहोबा. स्पॅनिशमध्येही तो आला ओ'ओधाम या आदिवासींच्या भाषेतून. हे लोक सोनोरा वाळवंटात राहतात, म्हणजे अमेरिकेतला दक्षिण ॲरिझोना आणि त्याला लागून मेक्सिकोचा वायव्य भाग. होहोबाचं झुडूप याच वाळवंटातलं. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या त्याच्या बिया वाटून तो लेप भाजलेल्या, सोललेल्या कातडीवर आणि केसांना लावत आले आहेत.

शास्त्रीय नाव सिमॉन्डसिया चायनेन्सिस. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टणावर घटकांच्या यादीत हेच नाव शोधावं. आता अमेरिकेच्या वाळवंटातलं झाड 'चायनेन्सिस' कसं? १८२२ मध्ये योहान लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, तेव्हा नमुन्याच्या चिठ्ठीवरचं कॅलिफोर्नियाचं संक्षिप्त रूप 'चायना' असं वाचलं गेलं, असं सांगतात. वनस्पतींच्या नावांचे नियम असे की पहिलं नाव टिकतं, चूक असली तरी. दोनशे वर्षं झाली, हे झुडूप कागदोपत्री चीनचंच आहे.

आता रसायनशास्त्र. घाबरू नका, शेतातली एक वस्तू आणि एक गाठ, एवढ्यावर काम भागतं.

शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं, मोहरी, अगदी साजूक तूपसुद्धा, या सगळ्यांची मूळ बांधणी एक आहे. ग्लिसरॉल नावाचा तीन कार्बनचा एक छोटा रेणू असतो, आणि त्याला तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. या साखळ्यांना मेदाम्लं म्हणतात. पेरणीची तिफण डोळ्यांपुढे आणा: वर आडवं दांडकं, खाली तीन दात. तेलाचा रेणू म्हणजे अशी तिफण. कुठले दात बसवले, किती लांब, किती वाकडे, यावर ते खोबरेल होणार की जवसाचं तेल हे ठरतं. रसायनशास्त्रात या तिफणीला ट्रायग्लिसराइड म्हणतात.

होहोबात तिफण जवळपास नाहीच. तिथे दोन दोर टोकाला टोक लावून गाठ मारावेत तशी रचना आहे. एक दोर मेदाम्लाचा, दुसरा लांब साखळीच्या अल्कोहोलचा. (अल्कोहोल हा शब्द वाचून दचकायचं कारण नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल दोन-तीन कार्बनचं, उडून जाणारं. हे वीस-बावीस कार्बनचं, त्वचेला मऊ करणारं.) मधली गाठ म्हणजे एस्टर बंध. अशा दोन दोरांच्या रेणूंनाच रसायनशास्त्रात मेण म्हणतात. मेण म्हणजे घट्ट पदार्थ ही आपली रोजची समजूत, रसायनशास्त्र मात्र रेणूची बांधणी बघून नाव देतं.

मेदाम्लांमध्ये जवळपास दोन तृतीयांश वाटा २० कार्बनच्या आयकोसेनोइक आम्लाचा. उरलेल्यात २२ कार्बनचं इरुसिक आणि १८ कार्बनचं ओलेइक, जे ऑलिव्हच्या तेलात भरपूर असतं. अल्कोहोलच्या बाजूलाही मुख्यतः २० आणि २२ कार्बनच्या साखळ्या. त्यामुळे गाठ मारलेला अख्खा दोर बहुतेक वेळा ४० ते ४४ कार्बनचा भरतो, आणि त्यातही ४२ चा सगळ्यात जास्त.

इथे एक रास्त शंका येते. मधमाशीचं मेणही याच जातीचं आहे. त्यातल्या एका मुख्य रेणूत ४६ कार्बन असतात, म्हणजे लांबी जवळपास सारखी. मग ते ६२-६४ अंशांपर्यंत घट्ट आणि होहोबा वाटीत पातळ, असं का?

सरपणाची मोळी बांधून पाहिली असेल तर उत्तर लगेच कळेल. सरळ काठ्यांची मोळी आवळली की काठ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. वेड्यावाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळा, मध्ये पोकळ्या राहतातच. मधमाशीच्या मेणातल्या साखळ्या सरळ आहेत. होहोबाच्या दोन्ही दोरांना प्रत्येकी एक वाकण आहे. दोन कार्बनांमधला द्विबंध साखळीला त्या जागी कोपरासारखी वळवतो. दोन्ही दोरांत हा वाक बाहेरच्या टोकापासून नवव्या कार्बनला आहे. ही वाकडी मोळी आवळली जात नाही, म्हणून पदार्थ पातळ राहतो. फ्रिजमध्ये रेणूंची हालचाल मंदावली की मगच त्या काठ्या कशाबशा एकमेकींवर बसतात. वाटीत सकाळी जो खळगा पडला, तो या बसण्यामुळे.

हे द्विबंध कारखान्यात हायड्रोजन घालून काढून टाकले तर? काठ्या सरळ होतात आणि तेच होहोबा सुमारे ७० अंशांना वितळणारं कडक पांढरं मेण बनतं. यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

१९३३ मध्ये ॲरिझोनातल्या संशोधकांनी हे बीतेल तपासलं आणि ते द्रवरूप मेण असल्याचं प्रसिद्ध केलं. बीच्या वजनाच्या जवळपास निम्मं हे मेणच. बीमध्ये अन्नाचा साठा म्हणून तेलाऐवजी मेण भरून ठेवणारी वनस्पती म्हणजे दुर्मिळातली दुर्मिळ गोष्ट. पानांवर, फळांवर मेणाचा थर सगळीकडे दिसतो. बीमध्ये मात्र सगळी सृष्टी तिफणीच भरते.

आपल्याला रोजच्या वापरात जाणवणारे या तेलाचे गुण याच बांधणीतून येतात.

पहिला गुण, ते खवट होत नाही. म्हणजे होतं, पण फार सावकाश. डब्यात राहिलेलं खोबरं, उन्हाळ्यात उघडे राहिलेले शेंगदाणे, दिवाळीनंतर महिनाभर पडलेली शेव, या वासाची ओळख प्रत्येक मराठी नाकाला आहे. तेल खवटतं ते मुख्यतः हवेतला ऑक्सिजन साखळीतल्या कमकुवत जागेवर हल्ला करतो म्हणून. एकाच साखळीत दोन द्विबंध जवळजवळ असले की त्यांच्या मधला कार्बन फार हळवा असतो. सूर्यफुलाच्या तेलात असे द्विबंध भरपूर, जवसात त्याहून जास्त. एकच द्विबंध असलेल्या साखळीपेक्षा दोन द्विबंधांची साखळी दहापटीच्या आसपास वेगाने ऑक्सिजन पकडते. होहोबाच्या रेणूत द्विबंध दोन आहेत खरे, पण दोन वेगळ्या दोरांवर, गाठीच्या अल्याड-पल्याड, एकमेकांपासून दूर. त्यांच्यात तो हळवा कार्बन नाही. शिवाय न शुद्ध केलेल्या पिवळ्या तेलात टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या घराण्यातले पदार्थ असतात, तेही राखण करतात. म्हणून सुगंधी तेलं पातळ करायला, महागड्या सीरममध्ये आधार म्हणून, मेकअपच्या वस्तूंत ते वापरतात. वर्षभर कपाटात राहिलं तरी वास बदलत नाही.

दुसरा गुण मी स्वतः चूक करून शिकले. घरी साबण करते. एकदा ५०० ग्रॅम तेलांच्या नेहमीच्या मापात १५० ग्रॅम ऑलिव्ह काढून तेवढंच होहोबा घातलं. कॉस्टिक सोड्याचं माप तेच ठेवलं. वड्या महिनाभर सुकवल्यावरही एकीकडून तेलकट आणि हाताला चरचरणाऱ्या. हिशेब मांडल्यावर कळलं की जवळपास १० ग्रॅम कॉस्टिक जादा झालं होतं. सगळ्या वड्या टाकून द्याव्या लागल्या.

झालं असं. कॉस्टिक तेलाची गाठ सोडवतं. तिफणीचे तीन दात सुटले की साबण आणि ग्लिसरीन मिळतं. होहोबाच्या प्रत्येक लांब रेणूत गाठ एकच, म्हणून कॉस्टिक लागतं निम्म्याहून कमी. प्रयोगशाळेत याचं मोजमाप असतं: एक ग्रॅम पदार्थाचा साबण व्हायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं. खोबरेलाला सुमारे २५०, ऑलिव्हला १९० च्या आसपास, होहोबाला जेमतेम ९२. आणि गाठ सुटल्यावरही अर्धाच भाग साबण होतो. दुसरा अर्धा, तो लांब अल्कोहोलचा दोर, पाण्यात विरघळत नाही, वडीतच राहतो. साबण करणाऱ्यांनी म्हणूनच होहोबा घालावं ते थोडंसं, मऊपणासाठी, आणि त्याचा आकडा वेगळा धरूनच.

तिसरं, ते खायचं नाही. आपल्या आतड्यातली पाचकद्रव्यं तिफणीवर काम करायला तयार झालेली आहेत, मेणाची गाठ त्यांना नीट सुटत नाही. बरंचसं न पचता पुढे जातं आणि पोट बिघडतं. इरुसिक आम्लाचा वाटाही खाद्यतेलाला चालेल असा नाही. बी पिळून उरलेल्या पेंडीतही सिमॉन्डसिन नावाचा घटक असतो, त्याने जनावरांची भूक मरते. त्यामुळे शेंगदाण्याच्या पेंडीसारखी ती गोठ्यात टाकता येत नाही.

ही झाडी पेरायला जग धावलं ते मात्र चेहऱ्यासाठी नाही. कोकण किनारपट्टीवर 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ती उलटी, म्हणजे अंबरग्रीस, ज्या स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होते, त्याच देवमाशाच्या डोक्यात टनावारी तेल भरलेलं असतं. त्या तेलाचा मोठा भाग मेणाचा, होहोबाच्याच जातीचा. जास्त दाबाखाली, जास्त उष्णतेत ते टिकून राहायचं, म्हणून यंत्रांच्या वंगणात, गाड्यांच्या गिअरच्या तेलात आणि सौंदर्यप्रसाधनांत ते जायचं. त्यासाठी देवमासे मारले जात. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत टाकलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. मग वंगणवाल्यांना सोनोराच्या वाळवंटातलं हे झुडूप आठवलं. वाळवंटात उभं राहणारं झुडूप समुद्रातल्या एवढ्या मोठ्या जिवाची जागा घेऊ शकतं, हे मला आजही थोर वाटतं. रसायनशास्त्र शिकवताना मुलांना ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नसे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत होहोबाच्या लागवडीत पैसे गुंतवायची लाट आली. खूप लोकांनी करबचतीच्या आशेने पैसे घातले आणि बऱ्याच बागा बसल्या, कारण झुडुपाची घाई करता येत नाही. वंगणापेक्षा प्रसाधनांच्या बाजारात भाव चांगला मिळाला आणि तेल तिकडे वळलं.

आता भाचीचा प्रश्न.

आपल्या त्वचेत तेलग्रंथी असतात. त्या जो स्निग्ध पदार्थ बाहेर सोडतात त्याला सीबम म्हणतात. नाकाच्या बाजूला, कपाळावर दुपारी जी चकाकी येते ती हीच. सीबम म्हणजे मिश्रण आहे. ढोबळमानाने त्यातला निम्म्याहून जास्त भाग ट्रायग्लिसराइड आणि त्यातून सुटलेली मेदाम्लं, सुमारे एक चतुर्थांश मेण, सुमारे १२ टक्के स्क्वालीन नावाचा आणखी एक स्निग्ध पदार्थ, आणि थोडं कोलेस्टेरॉल व त्याचे एस्टर.

एक चतुर्थांश मेण. 'त्वचेच्या तेलासारखंच' हा दावा इथून निघाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुठल्याही तेलात मेणाचा एवढा वाटा नसतो, होहोबात असतो, म्हणून ते सीबमच्या जवळचं. इतपत खरं. पण होहोबा जवळपास सगळंच मेण आहे, सीबममध्ये तो पाव हिस्सा आहे. पावशेर गूळ घातलेल्या शेरभर लाडवाला गूळ म्हणण्यासारखं ते झालं. आणि तो पाव हिस्साही हुबेहूब तसा नाही. माणसाच्या सीबममध्ये सगळ्यात जास्त असलेलं मेदाम्ल १६ कार्बनचं सॅपिएनिक आम्ल आहे, त्याचा द्विबंधही वेगळ्याच जागी, आम्लाच्या टोकापासून सहाव्या कार्बनला. नावातच 'सॅपिएन्स' आहे, कारण ते माणसाची खूण आहे. होहोबाच्या २० आणि २२ कार्बनच्या साखळ्यांशी त्याचं नातं घराण्याचं आहे, सख्ख्या भावाचं नाही.

यावर रचलेला दुसरा दावा मला जास्त खटकतो. होहोबा लावलं की त्वचेला वाटतं तेल पुरेसं आहे, आणि ती स्वतःचं तेल कमी करते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सीबमच्या ग्रंथी चालतात त्या शरीरातल्या हार्मोनच्या, मुख्यतः अँड्रोजेनच्या सांगण्यावरून. म्हणून तर वयात येताना चेहरा अचानक तेलकट होतो. वर किती तेल साचलंय हे मोजून ग्रंथीला थांबवणारी यंत्रणा कुणी दाखवून दिलेली नाही. बाटलीवर मात्र ती गृहीत धरलेली असते. तेलकट चेहऱ्यावर आणखी तेल थापून मुलं आठवडेच्या आठवडे वाट बघत बसतात, आणि ज्या पुटकुळ्यांना त्वचारोगतज्ज्ञाची गरज असते त्यांचे डाग पडतात. एवढ्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मग त्वचेला त्याचा उपयोग होतो तरी कसला? होतो, चांगला होतो. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, विटांच्या भिंतीसारखा, आणि विटांमध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. थंडीत, वारंवार साबणाने, वयाने हा चुना झिजतो. फटींतून आतलं पाणी उडून जातं आणि कातडी पांढरी, खरखरीत होते, टाचा फुटतात. होहोबा या फटी भरतं आणि वर पातळ थर करून पाण्याचं उडणं कमी करतं. रेणू तिफणीसारखे तीन दातांचे नसून एकेरी दोरासारखे असल्याने ते सहज पसरतं, एरंडेलासारखं ओढलं जात नाही, पेट्रोलियम जेलीसारखं चिकचिकत नाही. हातावर घेतलं की क्षणभर ओलसर वाटतं आणि मग मखमलीसारखा कोरडा स्पर्श राहतो. 'त्वचेत मुरतं' असं लोक म्हणतात, पण ते बहुतांशी वरच्या थरातच राहतं. आणि कामही तिथेच आहे.

आणखी एक उपयोग आहे, तो मेकअप काढण्याचा. वॉटरप्रूफ काजळ आणि लिपस्टिक मेणावर, तेलावर बांधलेली असतात, पाण्याने हलत नाहीत. स्निग्धाला स्निग्धच विरघळवतं. कोरड्या चेहऱ्यावर चार थेंब चोळून ओल्या कापसाने पुसलं की सगळं उतरतं. नंतर साध्या फेसवॉशने धुवावं.

मुरुमांबद्दल जो अभ्यास हटकून पुढे केला जातो तो २०१२ चा, जर्मनीतला. त्यात लोकांनी माती आणि होहोबाचा लेप काही आठवडे लावला आणि पुष्कळांच्या पुटकुळ्या कमी झाल्या. ऐकायला छान आहे. पण तुलनेला नुसत्या मातीचा किंवा नुसत्या होहोबाचा गटच नव्हता. फरक मातीने पडला, तेलाने पडला की काळाने, हे त्यातून सांगता येत नाही. छिद्रं बुजवण्याचे जे ० ते ५ आकडे इंटरनेटवर फिरतात आणि ज्यांत होहोबाला बहुधा २ मिळतात, ते मुळात सशांच्या कानांवरच्या जुन्या चाचण्यांवर उभे आहेत. माणसाच्या चेहऱ्याला ते जसेच्या तसे लावू नयेत.

केसांचं काय? इथे मी आपल्या खोबरेलाची बाजू घेणार. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल केसांवर तपासून पाहिलं. धुण्या-विंचरण्यात केसातलं प्रथिन जे झिजतं ते फक्त खोबरेलाने कमी झालं. कारण त्यातलं लॉरिक आम्ल छोटं, १२ कार्बनचं आणि सरळ असतं, ते केसाच्या आत शिरू शकतं. होहोबाचा ४२ कार्बनचा वाकडा दोर आत जाईल अशी अपेक्षा नको. ते केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर बसतं, केस एकमेकांवर घासणं कमी करतं, चमक देतं. केस धुतल्यावर ओलसर असतानाच टोकांना दोन थेंब चोळले तर गुंता कमी होतो. रात्रीची चंपी मात्र खोबरेलाचीच.

केस वाढवण्याच्या दाव्यासाठी एक मजेशीर पुरावा आहे, आणि तो उलट बाजूचा आहे. १९९८ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये चाई पडलेल्या ८६ रुग्णांवर एक प्रयोग झाला. एका गटाला रोझमेरी, लॅव्हेंडर, थाइम आणि सीडारची सुगंधी तेलं होहोबा व द्राक्षबीच्या तेलात मिसळून दिली, दुसऱ्याला नुसतं होहोबा आणि द्राक्षबीचं तेल. पहिल्या गटात ४४ टक्के लोकांना फरक पडला, दुसऱ्यात १५ टक्के. म्हणजे या प्रयोगात होहोबा होतं ते औषधाशी तुलना करायला ठेवलेलं साधं तेल म्हणून. जाहिरातीत हाच अभ्यास होहोबाने केस येतात म्हणून दाखवला, तर विश्वास ठेवू नका.

कारखान्यात होहोबाची बरीच रूपं करतात. हायड्रोजन घातलेलं कडक मेण लिपबाममध्ये जातं. त्याच मेणाचे बारीक गोल मणी करून चेहऱ्याच्या स्क्रबमध्ये घालतात. पूर्वी तिथे प्लास्टिकचे मणी असत, ते नाल्यातून समुद्रात जात. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतून ते बंद केले, तेव्हा अशा मण्यांची मागणी वाढली. पातळ आणि कडक होहोबा एकत्र करून गाठी सोडून पुन्हा बांधल्या की हवं तसं मऊ लोणी तयार होतं. वेष्टणावर 'जोजोबा एस्टर्स' दिसलं तर ते हे.

भारतात होहोबा आलं ते साधारण १९६५ मध्ये, जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेमार्फत. पुढे १९९० च्या दशकात राजस्थानने इस्रायलच्या मदतीने जयपूरजवळ आणि सीकर जिल्ह्यातल्या फतेहपूरला लागवडी उभ्या केल्या. इस्रायलने नेगेवच्या वाळवंटात ठिबकवर हे पीक आधीच बसवलं होतं. तेल महाग का, हे शेतात उभं राहिलं की कळतं. पपईसारखं यातही नराचं झुडूप वेगळं आणि मादीचं वेगळं. बीपासून लावलं तर निम्मी झुडपं नर निघतात, आणि हे कळतं तीनेक वर्षांनी फुलं आल्यावर. तोवर पाणी सगळ्यांना घालायचं. मग नर उपटायचे, परागासाठी थोडे ठेवायचे, कारण पराग वाऱ्यावर उडतो. आता चांगल्या मादीच्या फांद्या रुजवून लागवड करतात, तरी हाती भरघोस पीक यायला काही वर्षं जातातच. एकदा रुजलं की मात्र झुडूप शंभर वर्षं टिकतं.

महाराष्ट्रात दुष्काळी तालुक्यांत 'चमत्कारी पीक' म्हणून रोपं विकायला कुणी आलं, तर नर-मादी कशी ओळखून दिलीत आणि बी कोण विकत घेणार, हे दोन प्रश्न आधी विचारा.

भाचीला मी शेवटी हे सांगितलं. अंघोळीनंतर अंग टिपून, ओल सुकायच्या आत लाव. चेहऱ्याला तीन थेंब पुरे, टाचांना जरा जास्त. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघ, कारण क्वचित कुणाला याचीही ॲलर्जी होते. काळपट काचेची छोटी बाटली घे, रंग फिका सोनेरी, वास जवळपास नाहीच. रंगहीन असलं तरी घाबरू नको, ते गाळून शुद्ध केलेलं असतं. पुटकुळ्यांसाठी डॉक्टरकडे जायचं, त्याला पर्याय नाही.

ती खोटी बाटली आम्ही फेकली नाही. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरत होत्या, त्यांना लागली. नवी आली तेव्हा तिने स्वतःच वाटी काढली, अर्धा चमचा ओतलं आणि दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून झोपायला गेली. सकाळी हाक आली, "मावशी, थिजलंय!"